'इन्कल्केट' ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या पुष्कळ शिक्षकबंधूंस व कॅटेकिस्टांस 'इन्कल्केट' हें क्रियापद वारंवार भेटतें. शाळेच्या नियमांत, शिक्षणाविषयींच्या लेखांत, वार्षिक अहवालांत, मुलांच्या संगोपनावरील पुस्तकांत तें येतें. कोश उघडला म्हणजे 'शिकविणें', 'ठसविणें', 'बिंबविणें' असे दोनतीन प्रतिशब्द हातीं लागतात व वाचक पुढें जातो. परंतु शब्द म्हणजे नुसती खूण नव्हे. त्याच्या पोटांत एक चित्र असतें, आणि तें चित्र ठाऊक असलें म्हणजे शब्द कोठें योजावा व कोठें योजूं नये हें बहुतेक आपोआप कळतें. ह्या शब्दाच्या पोटांतील चित्र तर असें आहे कीं, ज्याच्याकडे शिकविण्याचें काम सोंपविलेलें आहे त्यानें तें एकदां तरी नीट न्याहाळावें. म्हणून ह्या पाठांत आम्ही ह्याच एका शब्दाचा विचार करणार आहों. ज्यांस इंग्रजी येत नाहीं त्यांनींही हा पाठ वाचावा. कारण शब्द इंग्रजी असला तरी ज्या कामास तो लाविला जातो तें काम आपल्या प्रत्येक घरांत रोज चाललेलें असतें.

१. शब्दाचें मूळ

हा शब्द सोळाव्या शतकांत लॅटिन भाषेंतून इंग्रजींत आला. लॅटिनमध्यें 'काल्क्स' म्हणजे टांच. त्यावरून 'काल्कारे' म्हणजे टांचेनें दाबणें, तुडविणें. त्याच्यामागें 'इन्', म्हणजे आंत, हा उपसर्ग लागून 'इन्कुल्कारे' हें क्रियापद झालें. पायानें तुडवून आंत बसविणें, ठासून भरणें, हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढें लॅटिन लेखकांनींच तें मनाच्या संबंधानें योजिलें: एखादी गोष्ट पुनःपुन्हां सांगून ऐकणाऱ्याच्या मनांत पक्की बसविणें. इंग्रजीनें हा दुसरा अर्थ तेवढा घेतला. टांच आणि माती मागें राहिली.

खेड्यांत राहणाऱ्यास हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं. कुंभार चिखल तुडवितो तेव्हां त्यावर एकदां पाय ठेवून त्याचें काम भागत नाहीं. चिखल एकजीव होईपर्यंत त्यास फिरून फिरून त्याच जागीं पाय द्यावा लागतो. रोप लावणारा माणूसही खड्डयांत माती लोटून निघून जात नाहीं. तो बुंध्याभोंवतीं पायानें माती दाबतो, कारण मुळांपाशीं पोकळी राहिली तर रोप सुकून जाईल. ह्या दोन उदाहरणांत शब्दाचे दोन्ही अंश आले: एक, पुनरावृत्ति, दुसरा, दाब. ह्यांपैकीं एक जरी नसला तरी 'इन्कल्केट' हा शब्द लागू पडत नाहीं. ज्यानें एखादी गोष्ट एकदांच सांगितली त्यानें ती कळविली, शिकविली, समजाविली असें म्हणावें. त्यानें ती 'इन्कल्केट' केली असें इंग्रजींत म्हणतां येत नाहीं.

ह्या टांचेच्या कुळांतले आणखी कांहीं शब्द इंग्रजींत आहेत. 'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे हट्टी, न ऐकणारा. त्याचा मूळ अर्थ मागें लाथा झाडणारा असा आहे. होडीच्या फळ्यांमधील फटींत दोरखंडाचे तंतू ठासून त्या बुजविणें ह्यास 'कॉक' म्हणतात. तेंही क्रियापद फ्रेंच भाषेच्या वाटेनें ह्याच 'काल्कारे'पासून आलें. शौलास दिमिष्काच्या वाटेवर झालेल्या दर्शनाची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सव्विसाव्या अध्यायांत आहे. तेथें पराणीवर लाथ मारण्याचा जो दृष्टान्त आहे, त्यांत जुन्या लॅटिन भाषांतरानें ह्याच कुळांतला 'काल्सित्रारे' हा शब्द घातला आहे. म्हणजे शिकविणाऱ्याची टांच व न शिकणाऱ्याची लाथ हीं दोन्ही एकाच घरांतलीं आहेत. हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. लॅटिनमध्यें चुनखडीसही 'काल्क्स' असेंच म्हणत, व त्यावरून 'कॅल्शियम' हा शब्द झाला. उच्चार सारखा असला तरी अर्थानें तो वेगळा शब्द आहे. चुन्याचा व शिकविण्याचा संबंध जोडूं नये.

२. वाक्यांत योजना

आतां व्याकरण पाहूं. ह्या क्रियापदाचें कर्म म्हणजे शिकविलेली गोष्ट होय, शिकणारा माणूस नव्हे. प्रामाणिकपणा, स्वच्छता, आज्ञाधारकपणा, काटकसर, सत्यप्रीति, द्वेष, भीति अशा गोष्टी 'इन्कल्केट' केल्या जातात. ज्याच्या मनांत ती गोष्ट बसवावयाची तो माणूस 'इन्', 'इन्टु', 'ऑन' अथवा 'अपॉन' ह्या शब्दयोगी अव्ययांनंतर येतो. उदाहरणार्थ, 'द टीचर इन्कल्केट्स ऑनेस्टी इन हिज प्यूपिल्स', म्हणजे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांच्या मनांत प्रामाणिकपणा बिंबवितो. तसेंच, 'शी इन्कल्केटेड अपॉन हर चिल्ड्रन द ड्यूटी ऑफ थ्रिफ्ट', म्हणजे तिनें आपल्या मुलांच्या मनावर काटकसरीचें कर्तव्य ठसविलें. कर्मणि प्रयोगांतही हाच नियम: 'गुड हॅबिट्स मस्ट बी इन्कल्केटेड अर्ली', चांगल्या संवयी लवकर लाविल्या पाहिजेत. भाववाचक नाम 'इन्कल्केशन' असें होतें.

पुष्कळ लोक, आणि त्यांत इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही आले, 'टु इन्कल्केट चिल्ड्रन विथ ऑनेस्टी' अशी वाक्यरचना करितात. एच. डब्ल्यू. फाउलर ह्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशांत ही रचना चुकीची ठरविली आहे. गोष्ट माणसाच्या मनांत बसवितात, माणसास गोष्टीनें बसवीत नाहींत, असा त्यांचा मुद्दा. त्यानंतरच्या कोशकारांनीं ही रचना प्रचारांत असल्याचें नोंदविलें आहे. तरी जपून लिहिणारे ती टाळतात, व आमच्या वाचकांनींही ती टाळावी असें आम्ही सुचवितों.

मराठी माणसास हा नियम पाठ करावयाचें कारण नाहीं. 'मुलांच्या मनांवर सत्य बिंबविलें' असें आपण म्हणतों. 'मुलांस सत्यानें बिंबविलें' असें कोणी म्हणत नाहीं. इंग्रजी वाक्य लिहितांना शंका आली कीं मनांत मराठी वाक्य उभें करावें. ज्यास मराठींत 'मनावर' किंवा 'मनांत' असें म्हटलें, त्याच्यापुढें इंग्रजींत 'इन' किंवा 'अपॉन' घालावें, म्हणजे चूक होणार नाहीं.

उच्चाराविषयीं एवढेंच कीं, इंग्लंडांत बहुधा पहिल्या अवयवावर आघात देतात. अमेरिकेंत दुसऱ्यावर देण्याचा प्रघात मोठा आहे. दोन्ही उच्चार मान्य आहेत.

३. सोयरे शब्द

शिकविण्याच्या अर्थाचे आणखी शब्द इंग्रजींत आहेत. त्यांचे अर्थ जवळजवळ असले तरी एक नाहींत, आणि प्रत्येकाच्या पोटांत निराळें चित्र आहे.

'टीच' हा सर्वांत साधा व व्यापक शब्द. त्यांत एकदां सांगणें आलें व शंभर वेळां सांगणेंही आलें.

'इन्स्टिल' ह्याच्या मुळाशीं लॅटिन 'स्टिल्ला', म्हणजे थेंब, हा शब्द आहे. थेंब थेंब आंत सोडणें, असा त्याचा मूळ अर्थ. येथेंही पुनरावृत्ति आहे, पण दाब नाहीं. आई मांडीवरच्या मुलास नकळत जें शिकविते त्यास हा शब्द शोभतो. ह्याची वाक्यरचना 'इन्कल्केट'सारखीच होते.

'इम्ब्यू' म्हणजे भिजविणें, रंगांत बुडविणें. ह्याचें कर्म मात्र माणूस अथवा मन हें असतें: अमुक माणसास अमुक गुणानें 'इम्ब्यू' केलें. वर सांगितलेली चुकीची रचना ह्या शब्दाच्या देखादेखीनें झाली असावी असें वाटतें.

'इम्प्रेस' म्हणजे ठसा उमटविणें. मोहरेचा ठसा लाखेवर एकाच दाबानें उमटतो. म्हणून येथें दाब आहे, पण पुनरावृत्तीची अट नाहीं. एकाच प्रसंगानें मनावर जन्मभर टिकणारा ठसा उमटूं शकतो.

'इन्डॉक्ट्रिनेट' ह्याचा अर्थ पूर्वीं केवळ शिकविणें, तत्त्वें समजाविणें एवढाच होता. विसाव्या शतकांत त्यास वाईट वास लागला. विचार करूं न देतां, प्रश्न विचारूं न देतां मतें डोक्यांत कोंबणें, असा त्याचा अर्थ आतां घेतात. जुन्या पुस्तकांत हा शब्द आढळला तर त्यास आजचा अर्थ चिकटवूं नये. आणि आज लिहितांना तो स्तुतीच्या अर्थानें योजूं नये.

शेवटीं 'कॅटिकाइझ' घेऊं. हा ग्रीक 'काटेखेइन' ह्या क्रियापदापासून आला. त्याच्या पोटांत नाद, आवाज असा अर्थ आहे. कानांत घुमेल असें तोंडानें शिकविणें, हा त्याचा भाव. लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं थियफिलास जें पूर्वीं शिकविण्यांत आलें होतें त्याचा उल्लेख करितांना हेंच क्रियापद योजिलें आहे, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत शिकणारा व शिकविणारा ह्या दोघांस पौलानें ह्याच शब्दाचीं रूपें लाविलीं आहेत. आमच्या मंडळ्यांतील 'कॅटेकिस्ट' हें नांव तेथूनच आलें. म्हणून कॅटेकिस्ट म्हणजे मूळ शब्दाप्रमाणें हातांत छडी घेणारा नव्हे, तर ज्याचा शब्द ऐकणाऱ्याच्या कानांत घुमत राहतो तो.

४. मूळ शास्त्रांतील एक शब्द

इंग्लंडांत १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत 'इन्कल्केट' हा शब्द कोठेंही येत नाहीं. पण ती कल्पना मात्र येते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस आज्ञा आहे कीं, देवाचीं वचनें आपल्या मुलाबाळांस मन लावून शिकवावीं. घरीं बसतांना, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना त्यांविषयीं बोलावें. ह्या ठिकाणीं मूळ इब्री क्रियापद 'शानन्' हें आहे, व त्याचा अर्थ धार लावणें असा होतो. १६११ च्या भाषांतरकारांनीं ओळींत 'टीच डिलिजन्टली' असें लिहिलें, आणि समासांत मूळ अर्थ धार लावणें हा असल्याची टीप दिली. आमच्या प्रचलित मराठी भाषांतरानें येथें 'बिंबविणें' हें क्रियापद पसंत केलें.

हीं तीन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. रोमी माणूस म्हणतो, पायानें दाबून बसवा. इब्री माणूस म्हणतो, निसण्यावर फिरवून धार लावा. मराठी माणूस म्हणतो, बिंब पडूं द्या. तिन्हींत पुनरावृत्ति आहे, कारण एका घासणीनें विळ्यास धार येत नाहीं व एका पावलानें माती बसत नाहीं. परंतु ज्यावर काम करावयाचें त्याविषयींचा भाव तिन्हींत सारखा नाहीं. माती दबते, विळा धारदार होऊन उपयोगीं पडतो, पाण्यांत अथवा आरशांत बिंब पडावयास तें पाणी निवळ व तो आरसा स्वच्छ असावा लागतो.

५. मराठी प्रतिशब्द

ह्यावरून दिसून येईल कीं 'इन्कल्केट' ह्यास मराठींत एकच ठराविक प्रतिशब्द नाहीं. प्रसंग पाहून शब्द निवडावा. तत्त्व अथवा वचन ह्यांविषयीं बोलणें असेल तेव्हां 'बिंबविणें' किंवा 'ठसविणें' बरें. संवयीविषयीं बोलणें असेल तेव्हां 'अंगवळणीं पाडणें' किंवा 'वळण लावणें' हे शब्द अधिक नैसर्गिक होत. गुणाविषयीं बोलणें असेल तेव्हां 'रुजविणें' हा शेतकऱ्याचा शब्द फार सुंदर आहे. कारण त्यांत पेरणाऱ्याचे श्रम आले, आणि बियाची स्वतःची वाढही आली. पाढे, व्याकरण अशांविषयीं 'घोकून घेणें' म्हणावें. 'कानींकपाळीं ओरडणें' ह्यांत पुनरावृत्ति पुष्कळ आहे, परंतु बहुधा कांहींच आंत गेलेलें नसतें. म्हणून तो 'इन्कल्केट'चा प्रतिशब्द नव्हे, तर त्याच्या अपयशाचें नांव आहे.

जुन्या गांवठी शाळांतील 'गिरविणें' हा शब्दही ह्या ओळींत बसतो. मुलापुढें धूळपाटी असे. पंतोजीनें काढलेल्या अक्षरावरून मूल पुनःपुन्हां बोट अथवा काडी फिरवी, व अखेरीस तें वळण हातांत बसे. ह्यांत विशेष असें कीं, फिरविणारा हात मुलाचा असे. गुरुजी कित्ता देई, पण गिरवी तो विद्यार्थी.

६. आंत बसविणें आणि तुडवून टाकणें

आतां आम्ही पाठाच्या गाभ्याशीं आलों. लॅटिनमध्यें 'इन्कुल्कारे' ह्या शब्दाचा एक सख्खा भाऊ आहे: 'कोन्कुल्कारे'. दोघांचा धातु एक, टांच एक, फरक उपसर्गाचा. पहिल्याचा अर्थ तुडवून आंत बसविणें, दुसऱ्याचा तुडवून टाकणें, पायदळीं चिरडणें. लूकाच्या आठव्या अध्यायांत पेरणाऱ्याचा दृष्टान्त आहे. वाटेवर पडलेलें बीं लोकांच्या पायांखालीं तुडविलें गेलें व पांखरांनीं तें खाऊन टाकलें, असें तेथें सांगितलें आहे. जुन्या लॅटिन भाषांतरानें तेथें हा दुसरा शब्द घातला आहे.

शिकविणाऱ्यानें ह्यावर मनन करावें. पाऊल तेंच. मऊ, नांगरलेल्या जमिनींत रोपाभोंवतीं तें पडलें तर मूळ धरतें. कठीण वाटेवर उघड्या बियावर तें पडलें तर बीं मरतें. म्हणजे दाबण्याच्या आधीं जमीन तयार आहे कीं नाहीं, व बीं मातीच्या आंत गेलें आहे कीं वरच पडलें आहे, हें पाहणें भाग आहे. ज्या मुलास वचनाचा अर्थ कळला नाहीं, त्याच्याकडून तेंच वचन छडीच्या धाकानें वीस वेळां म्हणवून घेणें म्हणजे वाटेवरच्या बियावर वीस वेळां पाय देणें होय. त्या मुलाच्या मनांत कांहीं बसतच नाहीं असें मात्र समजूं नये. वचन बसत नाहीं, पण धाक बसतो, आणि पुष्कळदां वचनाविषयींचा कंटाळाही बसतो. शिक्षकानें पेरलें एक व रुजविलें दुसरें, असें होतें. मग तें मूल मोठें झाल्यावर लाथा झाडूं लागलें, तर टांच व लाथ एकाच घरांतलीं आहेत हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

७. न बोलतां चालणारी शिकवणूक

'इन्कल्केट' हा शब्द चांगल्या गोष्टींपुरता नाहीं. इंग्रजींत द्वेष, गर्व, भीति ह्याही 'इन्कल्केट' होतात, व त्यास पुस्तक किंवा शाळा लागत नाहीं. रोजची कृति पुरते. आपल्या देशांतील अस्पृश्यतेचेंच उदाहरण घ्यावें. सवर्णाच्या अंगणांत उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळींत उंचावरून पाणी ओतलें जाई. तें पाहणाऱ्या घरच्या मुलास कोणीं धडा दिला नाहीं. तें ओंजळ धरणाऱ्याच्या मुलासही कोणीं धडा दिला नाहीं. तरी त्या एका कृतीनें, ती रोज घडल्यामुळें, दोन्ही मुलांच्या मनांत एकाच वेळीं दोन गोष्टी तुडवून बसविल्या: एकाच्या मनांत आपण उंच, दुसऱ्याच्या मनांत आपण नीच. हें 'इन्कल्केशन' होय, आणि त्याच वेळीं तें दुसऱ्या शब्दाचेंही उदाहरण होय. कारण त्या पायाखालीं माणूस तुडविला जात होता.

अशी शिकवणूक केवळ व्याख्यानानें निघत नाहीं. कृतीनें बसलेलें कृतीनेंच निघावें लागतें. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाड येथील चवदार तळ्यावर हजारों लोकांसह जाऊन तेथलें पाणी प्राशन केलें. पाण्यानेंच शिकविलेला धडा पाण्यानेंच खोडण्याचा तो आरंभ होता. २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली व तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ सालीं ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदाही झाला. कायदा एका दिवसांत लागू होतो. मनांत पिढ्यान्पिढ्या बसलेलें मात्र एका दिवसांत निघत नाहीं. तेथें पुनः रोजची, न कंटाळतां केलेली, उलट दिशेची शिकवणूक लागते. आमच्या मंडळ्यांत एका पंक्तीस बसणें, एका घागरीचें पाणी पिणें, कोणाचें पूर्वींचें कुळ न विचारणें ह्या गोष्टी लहान वाटतात. पण मुलें त्या रोज पाहतात. उपदेशांत सर्व समान म्हणून सांगावें व लग्न ठरवितांना जुनी जात चाळावी, तर मुलांच्या मनांत काय 'इन्कल्केट' झालें हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें.

८. हें काम कसें करावें

शब्दाचा अर्थ कळला. आतां कामाविषयीं दोन ऐतिहासिक दाखले देऊन पाठ संपवितों.

पहिला दाखला मार्टिन लूथर ह्यांचा. १५२८ सालीं साक्सनी प्रांतांतील मंडळ्यांची पाहणी करितांना, खेड्यांतील लोकांस ख्रिस्ती शिक्षणाच्या प्राथमिक गोष्टीही ठाऊक नाहींत असें त्यांस आढळून आलें. म्हणून १५२९ सालीं त्यांनीं लहान प्रश्नोत्तरावलि छापली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं पाळकांस जो क्रम घालून दिला तो असा: प्रथम एकच पाठ निवडावा व वर्षानुवर्षें त्यांतील शब्द बदलूं नयेत, नाहींतर साधीं माणसें गोंधळून जातात, शब्द तोंडीं आल्यावर अर्थ शिकवावा, अर्थ कळल्यावर अधिक विस्तार करावा. पुस्तकाची मांडणीही अशी आहे कीं, प्रत्येक कलमापुढें त्याचा अर्थ विचारणारा प्रश्न येतो. पाठांतर हें दार आहे, घर नव्हे, हें त्यांच्या ध्यानीं होतें.

दुसरा दाखला हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाचा. त्यानें स्मरणशक्तीविषयीं स्वतःवरच दीर्घ प्रयोग केले व १८८५ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अवयवांच्या माळा तो पाठ करी व त्या किती टिकतात हें मोजी. त्यास असें आढळलें कीं, शिकलेलें आरंभीं फार झपाट्यानें विसरतें व मागाहून विसरण्याचा वेग मंदावतो. दुसरें असें कीं, एका बैठकींत सलग ६८ वेळां घोकून जेवढा परिणाम साधला, जवळजवळ तेवढाच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधला. ह्याचें मर्म कॅटेकिस्टानें घ्यावें. रविवारीं एका बैठकींत दहा वचनें मुलांच्या डोक्यांत कोंबण्यापेक्षां, एकच वचन रविवारीं सांगून, सोमवारीं विचारून, गुरुवारीं पुनः आठवून देणें हें थोड्या श्रमांचें व अधिक टिकाऊ काम आहे. अनुवादांतील त्या आज्ञेंतही एक मोठा तास नेमून दिलेला नाहीं. बसतांना, चालतांना, निजतांना, उठतांना असे दिवसांतले लहान लहान प्रसंगच नेमून दिले आहेत.

तात्पर्य असें कीं, जमीन आधीं मऊ करावी. बीं आंत जाईल असें करावें, म्हणजे अर्थ समजावून द्यावा. मग बेतानें, थोडें थोडें, पुनःपुन्हां दाबावें. आणि पाय कोणाच्या अंगावर पडत नाहीं ना, हें खालीं पाहून चालावें. एवढें ज्यानें केलें त्यानें 'इन्कल्केट' ह्या शब्दाचा अर्थ कोश न उघडतां जाणला असें आम्ही म्हणूं.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) 'इन्कल्केट' ह्या शब्दाच्या अर्थाचे दोन अंश कोणते? प्रत्येकाचें शेतांतलें किंवा घरांतलें एक उदाहरण द्या.

(२) 'इन्कल्केट' व 'इम्ब्यू' ह्यांच्या वाक्यरचनेंत भेद काय?

(३) 'मुलांच्या मनांत स्वच्छतेची आवड बिंबविली पाहिजे' ह्या वाक्याचें इंग्रजी करा.

(४) आंत बसविणें व तुडवून टाकणें ह्यांतील भेद पेरणाऱ्याच्या दृष्टान्तावरून समजावून सांगा.

(५) आपल्या घरांत न बोलतां, केवळ रोजच्या कृतीनें, मुलांच्या मनांत कोणत्या गोष्टी बसत आहेत? त्यांपैकीं कोणत्या बसाव्या असें आपणांस वाटतें, व कोणत्या काढून टाकाव्या? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर वहींत न लिहितां कुटुंबांत बसून विचारावें.